दुचाकीचं प्लास्टिक कसं धुवावं, कसं जपावं

सकाळी सीट उचलायची, खालचं पिवळं फडकं काढायचं, दोनदा झटकायचं आणि डूमपासून (हेडलाइटभोवतीचं कव्हर) टेल पॅनलपर्यंत सपासप हात फिरवायचा. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे रोज दिसतं. गाडी जिवापाड जपणारेच हे करतात, म्हणून सांगताना वाईट वाटतं: पॅनलची चमक सगळ्यात जास्त या फडक्यानंच जाते. रस्त्यावरच्या धुळीत बारीक वाळू असते आणि कोरड्या कापडाखाली ती काचपेपरसारखी घासते. काळं किंवा गडद निळं पॅनल उन्हात तिरकं धरून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतील. ते फडक्याचेच. तेव्हा पहिला नियम हा, की भिजवल्याशिवाय पुसायचं नाही.

आधी प्लास्टिक ओळखा

गाडीवर साधारण तीन जातींचं प्लास्टिक असतं आणि तिघांची प्रकृती वेगळी. रंगवलेली चकचकीत पॅनल बहुतेक एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकची असतात. खरखरीत पोताचं, बिनरंगाचं काळं प्लास्टिक (मागचा मडगार्ड, पाय ठेवायची जागा, आतली कव्हरं) बहुधा पॉलिप्रोपिलीनचं. हेडलाइटची पारदर्शक काच म्हणजे पॉलिकार्बोनेट. शंका असेल तर पॅनल उघडल्यावर आतली बाजू बघा. बऱ्याच भागांवर एबीएस, पीपी किंवा पीसी अशी रोमन अक्षरं साच्यातच उठवलेली असतात. टाकीचा पत्रा कुठे संपतो आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं हे कळत नसेल, तर फ्रिजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून लावून पाहा.

धुणं

गाडी सावलीत लावा आणि इंजिन थंड होऊ द्या. तापलेल्या पॅनलवर साबणाचं पाणी लगेच वाळतं आणि डाग धरतं.

बादल्या दोन घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत गाडीचा शाम्पू, बाटलीवर लिहिलंय तेवढाच. कपड्यांची पावडर नको. ती अल्कधर्मी असते, त्यामुळे मेणाचा थर उतरतो आणि काळं प्लास्टिक वाळल्यावर पांढुरकं दिसतं. आधी नुसत्या पाण्यानं सगळी धूळ, चिखल वाहून जाऊ द्या. कोकणातून आलेल्या गाडीवरची तांबडी माती सुकलेली असेल तर पाणी मारून पाच-दहा मिनिटं थांबा, नखानं खरवडू नका. मग मायक्रोफायबरचं कापड शाम्पूत बुडवून वरून खाली या, दर पॅनलनंतर साध्या पाण्यात पिळा. चाकं, चेन कव्हर आणि मडगार्डची आतली बाजू शेवटी, वेगळ्या कापडानं. खरखरीत प्लास्टिकच्या पोतात माती बसते, तिथे जुना टूथब्रश चालतो. रंगीत पॅनलवर मात्र तो लावू नका.

वॉशिंग सेंटरला गेलात तर प्रेशरची नळी स्टिकरच्या कडेवर आणि पॅनलच्या फटीत रोखून धरू देऊ नका.

हट्टी डाग

पक्ष्याची विष्ठा जितकी राहील तितका रंग खाते. ओला टिश्यू दहा मिनिटं वर ठेवा, मग उचलून घ्या. डांबराच्या ठिपक्यांवर थोडं खोबरेल लावून ठेवा, ते मऊ झाले की पुसा आणि तो भाग शाम्पूनं पुन्हा धुवा.

दसऱ्याची गोष्ट वेगळी. आपण गाडीला हार घालतो, हळद-कुंकू वाहतो, आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या डूमवर पिवळा-लाल ठसा उरतो. त्यावर लगेच साबण घासायला जाऊ नका. हळद साबणानं लाल होते, हे घरात सगळ्यांनाच माहीत आहे. आधी कोरडी पूड मऊ ब्रशनं झटकून टाका, मग भरपूर साधं पाणी, मग शाम्पू. हळदीची फिकट छटा राहिली तरी घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात विटत जातो. कुंकवातला कृत्रिम रंग तसा जाईलच असं नाही. म्हणून मी आता कुंकू टाकीच्या झाकणावर आणि चाकाला लावतो, रंगीत पॅनलला नाही.

पेट्रोल आणि थिनर कुठल्याच डागाला वापरू नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट, विशेषतः स्क्रूच्या भोकाभोवती जिथे ते ताणलेलं असतं, अशा द्रवांनी तडकतं.

काळं प्लास्टिक

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. सर्व्हिसिंगनंतर गाडी परत येते तेव्हा काळे भाग अगदी ओले असल्यासारखे चमकतात. बऱ्याचदा ते डिझेल असतं. दोन दिवसांत त्यावर धूळ चिकटून चिखल होतो आणि पहिल्या पावसात चमक उतरते.

हे प्लास्टिक राखाडी का पडतं? उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा पातळ थर फाटतो, भुकटीसारखा होतो आणि त्यावर पडणारा प्रकाश विखुरतो. काळा रंग आत शाबूत असतो. म्हणून वॉटर-बेस्ड, अतिनील किरणांपासून बचाव करणारं ट्रिम ड्रेसिंग (काळ्या प्लास्टिकला चोळायचं द्रव) घ्या. ते स्पंजवर घेऊन धुतलेल्या आणि पूर्ण वाळलेल्या प्लास्टिकवर चोळा, थोड्या वेळानं जास्तीचं पुसून काढा. पावसाळ्याआधी आणि नंतर तर हे कराच, आणि गाडी रोज उन्हात उभी असेल तर महिन्या-दीड महिन्याला.

ड्रेसिंग किंवा सिलिकॉनचं पॉलिश सीटवर, फूटरेस्टवर, हँडल ग्रिपवर, टायरच्या नक्षीवर आणि ब्रेकच्या डिस्कवर अजिबात लागता कामा नये. बाटलीतून थेट फवारलंत की उडतंच. कापडावर घेऊनच लावा.

रंगीत आणि मॅट पॅनल

चऱ्यावरून नख फिरवा. अडकत नसेल तर हलक्या पॉलिशनं तो जाऊ शकतो. अडकला तर तो खोल आहे, घासत बसू नका. नंतर मेणाचा पातळ हात द्या आणि धुकट झाल्यावर स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. मेण शेजारच्या काळ्या प्लास्टिकला लागलं तर पांढरे डाग पडतात, म्हणून कडेला मास्किंग टेप लावा. मॅट रंगाला पॉलिश आणि मेण दोन्ही वर्ज्य. घासलेली जागा कायमची चकाकते आणि ती परत मॅट करता येत नाही.

हेडलाइटची काच

अमोनियावाला काच-क्लीनर नको, टूथपेस्टही नको. टूथपेस्टनं काच उजळलेली दिसते कारण ती घासली जाते, आणि त्याबरोबर कारखान्यात दिलेला संरक्षक थरही जातो. पिवळी पडलेली काच बारीक काचपेपरनं, पाणी मारत घासून स्वच्छ होते, पण त्यावर अतिनील किरण अडवणारा थर पुन्हा दिला नाही तर ती लवकरच पिवळी पडते.

कव्हर

धुळकट गाडीवर कव्हर टाकलं की वाऱ्यानं ते दिवसभर घासत राहतं. ओल्या गाडीवर टाकलं तर आत दमटपणा कोंडतो. धुतलेली आणि वाळलेली गाडीच झाका, खालचा पट्टा घट्ट बांधा. आणि सीटखालच्या पिवळ्या फडक्याच्या जागी पाण्याची छोटी फवारणीची बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवा, एक ओल्या पुसण्याला, एक कोरड्याला.