या चुका टाळा: लसणाचं तेल, व्हॅक्यूम पॅक आणि बॉट्युलिझम

वाशीच्या मार्केटात लसूण उतरला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर 'घरगुती गार्लिक ऑइल'च्या ऑर्डरी सुरू होतात. करणाऱ्या बहुतेक जणी स्वच्छतेत कुठेच कमी पडत नाहीत. बाटल्या उकळतात, हातमोजे घालतात. घोटाळा होतो तो 'हवा लागली नाही, म्हणजे माल टिकला' या समजुतीने. बुरशीच्या बाबतीत ते खरं आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूला मात्र हवाच नको असते. त्याच्या विषाने स्नायू लुळे पडतात, तोच बॉट्युलिझम. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली सुप्त रूपं, मातीत असतात आणि लसूण-बटाट्याबरोबर सहज घरात येतात. ओट्यावर ठेवलेल्या तेलात बुडालेला, आंबटपणा नसलेला लसूण त्यांना अगदी मानवतो. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळेच छत्तीस जणांना बॉट्युलिझम झाला होता.

मग कैरीचं लोणचं वर्षभर कसं टिकतं? श्रेय तेलाच्या थराला दिलं जातं, पण या जिवाणूला रोखते ती कैरीची आंबटाई आणि मीठ. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. तो ४.६ च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढत नाही. लसणाचा पीएच ६ च्या आसपास असतो. म्हणून लसणाच्या लोणच्यात लिंबू 'चवीपुरतं' पिळून भागत नाही, आणि विकायला करणार असाल तर पीएच मोजूनच घ्या. घरापुरतं लसूण-तेल थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

दुसरी चूक उकळण्याची. दहा मिनिटं खळखळून उकळलं की तयार झालेलं विष नष्ट होतं, पण बीजाणू १०० अंशांना तासन्‌तास तग धरतात. डबाबंद अन्नाच्या कारखान्यात मधोमध १२१ अंश किमान तीन मिनिटं मिळवतात ते याचसाठी. घरच्या कुकरमध्ये बरणीच्या मध्यापर्यंत किती उष्णता गेली, हे शिट्ट्या मोजून कळत नाही.

'वास ठीक आहे, जरा चाखून बघते' हे तर मुळीच करू नका. इथे जिवाणूचं गोत्र कामाला येतं. बॉट्युलिनम हे नाव एकाच कुळाचं नाही. एक गट प्रथिनं कुजवतो, त्याला घाण वास येतो. त्याचा अगदी जवळचा भाऊबंद क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस हे विष बनवत नाही, म्हणून डबाबंदीच्या चाचण्यांत बदली म्हणून तोच वापरतात. दुसरा गट फारसा वास न सोडता विष करतो आणि फ्रिजमध्ये ३ अंशांनाही वाढतो. व्हॅक्यूम पॅक मासळी 'फ्रिजमध्येच तर आहे' म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रोझन पाकीट असेल तर आधी कापून उघडा, मग फ्रिजमध्ये वितळू द्या.

विषाचं जनुक काही वाणांत प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर), काहींत जिवाणूभक्षी विषाणूवर असतं, त्यामुळे ते या कुळातून त्या कुळात जाऊ शकतं. १९९६ मध्ये गुजरातच्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघे दगावले. संशय बेसनाच्या शेवेवर होता, आणि तिच्यात सापडला क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम, म्हणजे नावाने बॉट्युलिनम नसलेला, तरी बॉट्युलिनमचंच ई प्रकारचं विष करणारा नातेवाईक.

बारशाच्या घरात एक गोष्ट सांभाळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनही नको. मधातले बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजू शकतात.

दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, तोंड कोरडं पडणं, गिळता न येणं, जीभ जड होणं, आणि ताप मात्र नाही, असं बहुधा खाल्ल्यावर १२ ते ३६ तासांत दिसू लागतं. सकाळची वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलात जा. प्रतिविष पुढचं नुकसान थांबवतं, आधी गेलेली ताकद लगेच परत देत नाही. उरलेला पदार्थ फेकू नका, डब्यासकट पिशवीत बांधून डॉक्टरांना द्या.