पामची कुंडी बदलताना या चुका टाळा

अरेका पाम कमरेच्या वर गेला की त्याला एकदाच भलीमोठी कुंडी द्यावी, म्हणजे पुढची काही वर्षे पाहायला नको, असा विचार बहुतेक जण करतात आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच ठरते. आठ इंची कुंडीतले झाड तशाच घडणीच्या चौदा इंची कुंडीत लावले, तर माती पाचपटीहून अधिक होते, मुळे मात्र तेवढीच असतात. मुळांच्या आवाक्याबाहेरच्या मातीतले पाणी शोषायला कोणीच नसल्यामुळे ती दिवसेंदिवस ओली राहते, तिच्यातली हवा संपते आणि मुळे कुजू लागतात. दहा इंची कुंडीत माती जवळजवळ दुप्पट होते आणि तेवढी पामला पुरते.

म्हणून माप पानांचे नव्हे, मुळांच्या गोळ्याचे घ्यावे आणि गोळ्याभोवती सर्व बाजूंनी इंच-दीड इंच जागा सुटेल एवढीच कुंडी निवडावी. पसरट, उथळ कुंडी दिसायला छान असली तरी पामची मुळे खाली जाणारी असल्याने ती टाळावी. झाड उंच होऊन कलंडत असेल, तर मोठ्या कुंडीत लावण्याऐवजी त्याची बेताची प्लास्टिकची कुंडी जड कुंडीच्या आत ठेवावी. तळाशी खड्यांचा थर देण्याने निचरा सुधारत नाही, उलट पाणी थबकणारा मातीचा थर मुळांच्या अधिक जवळ येतो.

कुंडी बदलल्यावर खालची पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी पडते आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण तहानेने आणि कुजण्याने पाने सारखीच पिवळी पडतात. आधी बोट दोन इंच खुपसून पाहावे. पाणी घालून पाच-सहा दिवस झाल्यावरही माती चिकट ओली असेल आणि तिला आंबूस वास येत असेल, तर झाड अलगद बाहेर काढावे. कुजलेले मूळ ओढले की वरची साल मोज्यासारखी निसटते आणि हातात नुसता दोरा उरतो. निरोगी मूळ टणक लागते. कुजलेली मुळे तेवढी कापून झाड पुन्हा लहान कुंडीत, जाड वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत, पूर्वीच्याच खोलीवर लावावे, सावलीत ठेवावे आणि नवे पान येईपर्यंत खत देऊ नये.

चांगली मुळे मोकळी करण्यासाठी विंचरू नयेत आणि एका कुंडीतल्या अनेक खोडांचा झुबका या निमित्ताने फाडू नये, कारण पामला मुळांची ओढाताण सोसत नाही.

शेवटी मधली न उमललेली सुरळी हलकेच ओढून पाहावी. ती घट्ट असेल तर आशा आहे. बुडाशी कुजून हातात आली, तर बहुधा ते खोड गेले, कारण पामच्या खोडाला वाढीचा शेंडा एकच असतो. अरेकाच्या झुबक्यातली बाकीची खोडे मात्र अजून वाचू शकतात.