टेप ड्राइव्हचा अडखळणारा बॅकअप: माझा अनुभव

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापुरातील शाहूपुरीत शिरले, तेव्हा आमच्या फोटो स्टुडिओतील बॅकअपच्या हार्ड डिस्क संगणकाशेजारीच असल्याने दोन्ही एकदमच गेले. म्हणून मी एलटीओ-६ प्रकारचा बाह्य टेप ड्राइव्ह, म्हणजे चुंबकीय फितीवर माहिती साठवणारे उपकरण, घेतला. त्याच्या एका कार्ट्रिजमध्ये कॉम्प्रेशनशिवाय २.५ टेराबाइट माहिती मावते आणि ते उंचावरच्या नातेवाइकांच्या घरी ठेवता येते.

सुरुवातीला ड्राइव्ह दिसतच नव्हता. ड्राइव्हची एसएएस (जोडणीची) केबल मी संगणकातील रेड (RAID) कार्डाला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला, जोडली होती आणि अशी अनेक कार्डे टेप ड्राइव्ह ओळखत नाहीत. उपकरण थेट संगणकाला जोडणारे साधे एचबीए कार्ड बसवल्यावर तो दिसला.

खरा त्रास पुढे होता. टेप सतत थांबत, मागे जात आणि पुन्हा सुरू होत असे. नेटवर्कवरून येणाऱ्या हजारो लहान फाइल्सचा वेग अपुरा पडल्याने ड्राइव्हचा बफर (माहितीचा तात्पुरता साठा) रिकामा होत होता, आणि त्यात वेळेपेक्षाही टेपची व ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडची झीज मला अधिक काळजीची वाटली. आता मी सर्व फाइल्स आधी एसएसडीवर टार स्वरूपात, म्हणजे एकाच मोठ्या फाइलमध्ये, एकत्र करतो आणि मगच टेपवर लिहितो. टेप अखंड चालते. लिहून झाल्यावर ती परत वाचून चेकसम (माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवल्याशिवाय मी कार्ट्रिजवर तारीख घालत नाही.