लिंकमधला # कापू नका
आमच्या दांडिया बाजारच्या घराच्या वाटणीचे कागद पुण्याला काकांना पाठवायचे होते, आत सगळ्यांची आधार-पॅन, म्हणून मेगावर (फाइल ऑनलाइन ठेवायची सेवा) टाकून लिंक दिली तर लगेच काकांचा फोन, "अगं, हे की (key, म्हणजे चावी) मागतंय!" झालं काय, कॉपी करताना # च्या पुढचं सगळं राहिलं होतं. खरी गंमत तिथेच आहे, फाइल उघडायची चावी # नंतर असते आणि ब्राउझर तेवढा भाग सर्व्हरला पाठवतच नाही, म्हणजे कंपनीकडे नुसती कुलूपबंद फाइल. गूगल ड्राइव्हवर पण एनक्रिप्शन (म्हणजे हे कुलूप) असतं हो, पण तिथे चावी गूगलकडेच.

मेगात फुकट २० जीबी, तशाच प्रोटॉन ड्राइव्ह सेवेत ५. पण मेगात लिंकला पासवर्ड लावायचा तर पैसे भरा. त्यावर जुगाड म्हणजे लिंक आणि की वेगवेगळी कॉपी करायची, लिंक व्हॉट्सॲपवर आणि की एसएमएसने. प्रोटॉनमध्ये पासवर्ड आणि मुदत दोन्ही घालता येतात, मला तेच बरं वाटतं. आणि मेगाच्या एनक्रिप्शनमध्ये २०२२ला झुरिकच्या संशोधकांनी खोट काढली होती, मग त्यांनी अपडेट दिला.

काकांनी फाइल उतरवली की लिंक बंद करा, हे मी तीन दिवस विसरले होते.