देशाचे गाणे निवडावे कसे: स्वीडनच्या ‘मेलोडिफेस्टिवालेन’चा धडा

युरोव्हिजन या देशोदेशींच्या वार्षिक गीतस्पर्धेत गाण्यापुढे देशाचे नाव लागते, तरी ते गाणे निवडण्याचा अधिकार सरकारकडे नसतो. तो युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रसारण वाहिन्यांच्या संघटनेची सदस्य असलेल्या त्या देशातील वाहिनीकडे असतो. वाहिनीने गाणे बंद दाराआड ठरवावे की जाहीर स्पर्धा घ्यावी, गुण परीक्षकांनी द्यावेत की प्रेक्षकांनी, याची सक्ती कोणी करत नाही. म्हणून जितके देश तितक्या रीती दिसतात. ही निवड कशी चालते हे ज्याला नीट समजून घ्यायचे आहे, किंवा आपल्या मंडळासाठी वा महाविद्यालयासाठी अशीच एखादी निवड आखायची आहे, त्याने स्वीडनपासून, म्हणजे तेथील ‘मेलोडिफेस्टिवालेन’ या घरच्या निवड स्पर्धेपासून, सुरुवात करावी असे मी आग्रहाने सुचवतो. स्वीडनने १९७४, १९८४, १९९१, १९९९, २०१२, २०१५ आणि २०२३ अशी सात विजेतेपदे मिळवली आहेत आणि या संख्येत त्याची बरोबरी केवळ आयर्लंडने केली आहे. मला मात्र विजेतेपदांपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. निवड फसली की स्वीडनच्या वाहिनीने पद्धतीत बदल केला, आणि त्या बदलामागचे कारण बाहेरून पाहणाऱ्यालाही स्पष्ट दिसते.

नियमांची चौकट आधी मांडून घ्यावी

आपली निवड स्पर्धा आखण्यापूर्वी मुख्य स्पर्धेचे नियम समोर ठेवावेत, कारण घरी जिंकलेले गाणे पुढे त्या चौकटीत बसले नाही तर ऐनवेळी त्याची मोडतोड करावी लागते. गाणे तीन मिनिटांपेक्षा लांब नसावे. रंगमंचावर एका वेळी सहापेक्षा अधिक माणसे नसावीत. गायकाचे वय सोळा वर्षे पूर्ण असावे. आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी गाणे बाजारात आलेले नसावे. मुख्य आवाज प्रत्यक्ष गायलेला असावा. वाद्यमेळ १९९९ पासून ध्वनिमुद्रितच असतो आणि साथीचे आवाजही २०२१ पासून ध्वनिमुद्रित चालतात.

भाषेची अट बरीच वर्षे वादाची होती आणि तिच्या मुळाशी स्वीडनच आहे. १९६५ मध्ये इंग्वार विक्सेल या स्वीडिश गायकाने आपले गाणे इंग्रजीत गायले, तेव्हा पुढील वर्षापासून प्रत्येक देशाने आपल्या भाषेतच गावे असा नियम आला. सत्तरीच्या दशकातील काही वर्षे तो शिथिल झाला, पुन्हा लागू झाला आणि १९९९ पासून कायमचा उठला.

कौल कोणाचा, हे गाणे मागवण्याआधी ठरवावे

माझ्या मते या साऱ्या व्यवहारात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि बहुतेक आयोजक नेमकी तीच शेवटी, घाईघाईने उरकतात. तीच गाणी आणि तेच गायक असूनही कौल देणारा बदलला की निकाल बदलतो. स्वीडनचा इतिहास हे वारंवार दाखवून देतो.

१९७३ मध्ये निवडीचा अधिकार जाणकारांच्या एका मंडळाकडे होता. त्या वर्षी ब्यॉर्न, बेनी, अग्नेथा आणि फ्रीडा या चौघांचे ‘रिंग रिंग’ हे गाणे तिसऱ्या क्रमांकावर राहिले आणि त्या निकालावर लोक नाराज झाले. पुढील वर्षी जाणकारांच्या जागी देशाच्या निरनिराळ्या भागांतील सामान्य श्रोत्यांची मंडळे आली. तेच चौघे आता ‘ॲबा’ या नावाने ‘वॉटर्लू’ घेऊन उतरले, घरची स्पर्धा जिंकले आणि मग ब्रायटनला जाऊन युरोव्हिजनही जिंकले. गाणे वेगळे होते हे खरे. पण ऐकणारे कानही वेगळे होते, हे विसरून चालणार नाही.

पुढची ठेच २०१० मध्ये लागली. घरच्या स्पर्धेत पहिली आलेली ॲना बेरिएंदाल ओस्लोमध्ये उपांत्य फेरीतच बाद झाली, आणि १९७६ नंतर प्रथमच युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत स्वीडन दिसला नाही. जे गाणे आपल्याला भावते ते परक्या श्रोत्याला भावेलच असे नाही, ही गोष्ट त्या पराभवाने वाहिनीच्या गळी उतरवली. परदेशी परीक्षकांचा प्रयोग त्याआधीच लहान प्रमाणावर सुरू झाला होता. २०११ पासून घरच्या अंतिम फेरीतील निम्मे गुण परदेशी परीक्षक मंडळांच्या हाती आणि निम्मे स्वीडिश प्रेक्षकांच्या हाती असे ठरले. त्या वर्षी एरिक सादे युरोव्हिजनमध्ये तिसरा आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाकूमध्ये लोरीन जिंकली. या यशाचे सारे श्रेय एका नियमाला देणे बरोबर होणार नाही, तरी परक्यांसमोर गायचे असेल तर परक्या कानांची परीक्षा घरीच घ्यावी, हे तत्त्व मला पूर्णपणे पटते.

निम्मे-निम्मे म्हटल्यावर तोल साधला असे वाटते; मात्र गुण मोजण्याची रीत चुकली तर तो तोल कागदावरच राहतो. २०१५ मध्ये मोबाइल ॲपवरून विनामूल्य मत देण्याची सोय झाली आणि प्रेक्षक एकाच गाण्याला नव्हे, आवडलेल्या प्रत्येक गाण्याला भरभरून मते देऊ लागले. प्रेक्षकांचे गुण एकूण मतांच्या टक्केवारीनुसार वाटले जात असल्यामुळे गाण्यांमधील अंतर फारच कमी झाले, आणि परीक्षकांच्या गुणांमधील अंतर मोठे असल्याने निकाल प्रत्यक्षात तेच ठरवू लागले. २०१७ मध्ये प्रेक्षकांची पहिली पसंती नॅनो या गायकाला होती, तरी परीक्षकांच्या गुणांच्या बळावर रॉबिन बेंगत्सोन युरोव्हिजनसाठी कीव्हला गेला. २०१८ मध्ये बेंजामिन इंग्रोसो लिस्बनमध्ये परीक्षकांच्या गुणांत दुसरा आणि प्रेक्षकांच्या गुणांत तेविसावा आला. एवढी तफावत दिसल्यावर पद्धत पुन्हा तपासणे भाग होते.

२०१९ पासूनची रीत मला आजवरच्या रीतींत सर्वांत विचारपूर्वक आखलेली वाटते. ॲपवर मत देणाऱ्यांचे वयानुसार सात गट केले गेले, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांपर्यंत, आणि दूरध्वनीवरून मत देणाऱ्यांचा आठवा गट ठेवला गेला. प्रत्येक गट एखाद्या परीक्षक मंडळासारखा १२, १०, ८, ७ असे उतरत १ पर्यंत गुण देतो. एका संचाची बेरीज ५८ होते. आठ गटांची ४६४, आणि समोर आठ परदेशी मंडळांची तितकीच. त्यामुळे लहान मुले उत्साहाने कितीही वेळा बोट दाबोत, त्यांच्या गटाचे वजन आजी-आजोबांच्या गटाइतकेच राहते. ज्यांना आपल्या संस्थेसाठी निवड आखायची आहे त्यांनी ही युक्ती जरूर उचलावी. मते सरसकट एकत्र करू नयेत. श्रोत्यांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाला समान गुण वाटायला द्यावेत.

गाणी मागवणे आणि चाळणे

साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ‘एसव्हीटी’ ही सार्वजनिक वाहिनी गाणी स्वीकारते. अलीकडच्या वर्षांत अडीच हजारांहून अधिक गाणी येतात आणि त्यांतून तीसच्या आसपास गाणी पडद्यापर्यंत पोहोचतात. सगळी गाणी खुल्या आवाहनातून घेतली जात नाहीत. काही जागा आलेल्या गाण्यांतून निवड मंडळ भरते आणि उरलेल्या जागांसाठी वाहिनी गायकांना व गीतकारांना स्वतः आमंत्रण देते. आमंत्रणाची ही वाट काहींना अन्यायाची वाटते. मला ती आवश्यक वाटते, कारण नाव कमावलेला गायक हजारोंच्या रांगेत आपणहून उभा राहत नाही, आणि सगळी गाणी एकाच धाटणीची आली तर वेगळ्या सुराचे गाणे शोधून आणण्याची दुसरी सोय नसते. मात्र खुले दार बंद होऊ देऊ नये. नवखा गीतकार त्याच दारातून येतो.

या टप्प्यावर गाणे आणि गायक हे दोन वेगळे निर्णय आहेत, हेही ध्यानात ठेवावे. १९५९ च्या पहिल्या स्वीडिश स्पर्धेत सीव माल्मक्विस्त हिने गायलेले ‘आउगुस्तिन’ जिंकले, पण वाहिनीने ते गाणे घेऊन युरोव्हिजनसाठी फ्रान्समधील कान या शहरी ब्रीटा बोर्ग हिला पाठवले. आज असे केले तर गहजब होईल, कारण आता प्रेक्षक गाणे, गायक आणि सादरीकरण यांना मिळून मत देतात. तरीही चाळणीच्या वेळी, हे गाणे या गळ्याला शोभते का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावाच लागतो.

फेऱ्या अशा लावाव्यात की गाणे लोकांच्या ओठी बसेल

२००२ पूर्वी स्वीडनची निवड एका रात्रीत उरकत असे. त्या वर्षापासून स्पर्धेचे निर्माते क्रिस्टर ब्यॉर्कमन यांच्या देखरेखीखाली ती गावोगाव फिरू लागली. आता फेब्रुवारीत दर शनिवारी वेगळ्या शहरात एक फेरी होते आणि मार्चमध्ये अंतिम फेरी स्टॉकहोमजवळच्या भव्य बंदिस्त मैदानात होते. २०२५ मध्ये हा फेरा लुलेओ, योतेबोरी, वेस्तेरोस, माल्मो आणि यॉनशॉपिंग असा फिरला. उत्तरेकडील लुलेओसारख्या गावातील माणसाला आपल्या दारात देशाचे गाणे ठरताना दिसते, यात मोठा अर्थ आहे. जेमतेम एक कोटी लोकसंख्येच्या देशात तीस लाखांहून अधिक माणसे अंतिम फेरी पाहतात, त्याचे एक कारण हे फिरणे आहे.

प्राथमिक फेऱ्यांत परदेशी परीक्षक नसतात. तेथे केवळ प्रेक्षकांचा कौल चालतो. ही क्रमवारी अचूक आहे. आधी घरच्यांनी आपल्या आवडीची गाणी पुढे आणावीत आणि त्यांतून बाहेर काय चालेल हे परक्यांनी सांगावे. उलटा क्रम लावला असता तर लोकांच्या जिव्हाळ्याची गाणी पहिल्याच आठवड्यात गळाली असती.

मागे पडलेल्या गाण्यांसाठी ‘आंद्रा शान्सेन’, म्हणजे दुसरी संधी, नावाची फेरी असे. अलीकडे तिचे रूप आणि नाव बदलले, तरी थोडक्यात हुकलेल्यांना पुन्हा ऐकण्याची कल्पना टिकून आहे. आपल्या आराखड्यात अशी जागा ठेवावी, कारण अनोळखी चाल पहिल्या ऐकण्यात मनात उतरतेच असे नाही. हरलेल्या गायकाला पुढच्या वर्षी पुन्हा बोलावण्यातही संकोच करू नये. लोरीन २०११ मध्ये या दुसऱ्या संधीच्या फेरीतच अडली आणि २०१२ मध्ये युरोव्हिजन जिंकली. २०१७ मध्ये पुन्हा तेथेच अडली आणि २०२३ मध्ये पुन्हा जिंकली.

परक्यांचे कान हवेत, पण घरचा आवाज दबू नये

परदेशी परीक्षकांमुळे एक धोका उद्भवतो. सगळे गीतकार जगभर चालेल असे गुळगुळीत इंग्रजी गाणे रचू लागतात आणि ते कोणत्याही देशाचे वाटेनासे होते. २०२५ ने यावर चांगले उत्तर दिले. फिनलंडच्या वोरो भागातील स्वीडिश बोलणाऱ्या तिघांचा ‘काय’ (KAJ) हा गट (केव्हिन, ॲक्सेल आणि याकोब यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले आहे) सौनाच्या, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाच्या, आनंदावरचे गाणे आपल्या बोलीत घेऊन आला. परदेशी परीक्षकांनी २०१५ चा विजेता मॉन्स सेल्मेरलोव याला वर ठेवले, तर प्रेक्षकांनी ‘काय’ला उचलून धरले, आणि एकूण गुणांत ते थोड्या फरकाने पुढे गेले. युरोव्हिजनमध्ये स्वीडनच्या वतीने स्वीडिश भाषेतील गाणे १९९८ नंतर प्रथमच ऐकू आले आणि बाझेलमध्ये ते चौथे आले. प्रेक्षकांच्या हातचे निम्मे गुण खरोखर निम्मे वजन बाळगून होते म्हणूनच हे घडले. २०१७ च्या मोजणीत हा निकाल लागणे कठीण होते.

नकाराची आणि माघारीची तजवीज

विजेता जाण्यास नकार देऊ शकतो, हे गृहीत धरून पुढचा क्रम आधीच लिहून ठेवावा. जर्मनीत २०१५ मध्ये आंद्रेआस क्युमर्टने जिंकल्यावर रंगमंचावरच नकार दिला. दुसऱ्या क्रमांकाच्या ॲन सोफीला पाठवले गेले आणि तिला शून्य गुण मिळाले. इटलीत सानरेमो या गीतमहोत्सवाच्या विजेत्याला केवळ पहिला हक्क दिला जातो. २०२५ मध्ये ओलीने तो नाकारला आणि लुचो कोर्सी गेला. युक्रेनमध्ये २०२२ मध्ये विजेती आलिना पाश हिने रशियाच्या ताब्यातील क्रिमियाच्या प्रवासावरून झालेल्या वादानंतर माघार घेतली, तिच्या जागी गेलेल्या कालुश ऑर्केस्ट्राने तुरीनमध्ये विजेतेपद मिळवले.

वेळ, पैसा किंवा प्रेक्षक कमी असतील तर वाहिनीने थेट निवड करण्यातही कमीपणा नाही. नेदरलँड्सने २०१९ चा विजेता डंकन लॉरेन्स असाच निवडला होता. मात्र अशा वेळी निवडणाऱ्या मंडळात गीतकार, गायनाचे जाणकार आणि दूरचित्रवाणीचे दिग्दर्शक असे निरनिराळे लोक हवेत.

स्वीडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना फेब्रुवारीच्या शनिवारी ॲप उघडून या निवडीत भाग घेता येतो. मेमधील मुख्य स्पर्धेत २०२३ पासून सहभागी नसलेल्या देशांतील प्रेक्षकांना ऑनलाइन मत देता येते आणि त्या सर्वांचा मिळून एका देशाइतका कौल धरला जातो. मार्चमधील अंतिम फेरी पाहताना प्रत्येक गाण्यापुढे परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण दोन वेगळ्या रकान्यांत लिहून ठेवावेत, आणि मे महिन्यात निकाल लागल्यावर तोच कागद पुन्हा काढून युरोपचे आकडे त्यांच्या शेजारी मांडावेत.