पेपर कुठे पाठवायचा?

शोधनिबंधासाठी जर्नल निवडताना माझे एमएस्सीचे विद्यार्थी आधी इम्पॅक्ट फॅक्टर (त्या जर्नलमधल्या पेपरांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात, तो आकडा) बघतात. मी म्हणते, आधी ‘एम्स अँड स्कोप’ (जर्नल कोणते विषय छापतं ते सांगणारं पान) उघडा आणि ‘आम्ही काय छापत नाही’ ते शोधा. खरी गोम तिथे असते.

आंबोलीत पालीची नवी जात सापडली? ‘झूटॅक्सा’ हे जर्नल प्राण्यांच्या वर्गीकरणाचंच आहे. वनस्पती असेल तर ‘फायटोटॅक्सा’. पण तीच पाल काय खाते एवढंच लिहिलंत, तर झूटॅक्साकडून साभार परत! संवर्धनाचा मुद्दा असेल तर कोइमतूरचं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ बघा. २००६ साली निघालेलं ‘प्लॉस वन’ शोध किती मोठा हे विचारत नाही, पद्धत चोख हवी. लेखकाने भरायची फी मात्र जबर.

मग अलीकडचे अंक चाळा. तुमच्या संदर्भसूचीत त्या जर्नलचा एकही पेपर नसेल, तर पत्ता बहुधा चुकलाय. आणि ‘सर्व विज्ञानशाखा, आठ दिवसांत प्रकाशन’ असं दिसलं, की बोगस जर्नल समजा आणि तो टॅब बंद करा.