गाडीवरच्या व्हीएचएफ अँटेनाला सिग्नल नीट मिळत नसेल तर

गाडीतला रेडिओ खरखरायला लागला की बहुतेक जण लगेच नवा अँटेना शोधायला लागतात. पण अँटेनाचा दांडा क्वचितच बिघडतो. दोष निघतो तो दांड्याच्या बुडाशी, कनेक्टरच्या सोल्डरमध्ये, पत्र्यावरच्या रंगाखाली, नाहीतर गाडीतल्याच एखाद्या चार्जरमध्ये. त्यामुळे पैसे काढण्याआधी मल्टीमीटर काढा.

इथली मापं हॅम मंडळींच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ वापरणाऱ्यांच्या, २ मीटर बँडसाठी, म्हणजे भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसाठी दिली आहेत. तपासणीची पद्धत कुठल्याही व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झ) रिसीव्हरला किंवा स्कॅनरला तीच. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, आणि पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी लावून फिरणं त्यात बसत नाही.

आधी आजार कुठला ते ठरवा

खराब रिसेप्शनची कारणं तीन: सिग्नल रेडिओपर्यंत पोचत नाही, पोचतो पण गाडीच्या गोंगाटात बुडतो, किंवा दुसऱ्याच एखाद्या तगड्या सिग्नलने रिसीव्हर गुदमरतो. तिन्हींत कानाला ऐकू येणारा परिणाम जवळपास सारखा, उपाय मात्र वेगळे.

गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद ठेवा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) जेमतेम उघडतो असा एखादा लांबचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणारं उंचावरचं केंद्र, लावा. आता इंजिन चालू करा. सिग्नल दिसेनासा झाला तर गोंगाट. इंजिनने फरक पडत नसेल तर रेडिओवरचा अॅटेन्युएटर चालू करा. सिग्नल कमी करूनही आवाज सुधारला, तर रिसीव्हर ओव्हरलोड होतोय आणि मोठा अँटेना लावलात तर त्रास वाढेलच. दोन्ही नसेल तर रबरी अँटेनाचा हँडहेल्ड (हातात धरायचा रेडिओ) घेऊन गाडीबाहेर उभे राहा. टपावरचा अँटेना त्याच्यापेक्षा स्पष्टपणे सरस ऐकवत नसेल, तर दोष अँटेना, माउंट किंवा केबल यांत आहे.

ट्रॅफिक सिग्नलपाशी गाडी हळूहळू सरकताना रेडिओचा सिग्नल येतो-जातो, हा मात्र बिघाड नाही. इमारतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि १४५ मेगाहर्ट्झला साधारण दर मीटरला एक खड्डा पडतो. अर्धा मीटर पुढे घ्या, सिग्नल परत येतो.

पत्रा हा अँटेनाचा अर्धा भाग

पाव-लहर अँटेनाला (दांडा लहरीच्या लांबीच्या पाव भागाइतका) खाली धातूचा पृष्ठभाग लागतो, चहूबाजूंनी निदान ५० सेंमी. टपाचा मध्य म्हणूनच सगळ्यात चांगला. बॉनेटच्या कोपऱ्यावर लावलेला अँटेना गाडीचा पत्रा जिकडे जास्त पसरलाय त्या तिरक्या दिशेला बरा ऐकतो, बाकी दिशांना कमी. गाडी वळवली की सिग्नल बदलतो तो त्यामुळे. सामानाच्या लोखंडी कॅरियरला चिकटून लावला तरी हाच घोळ. पॅनोरमिक सनरूफ असेल तर मागे उरलेला पत्रा पुरत नाही. तिथे सुमारे १ मीटरचा अर्ध-लहर अँटेना घ्या, त्याला खालच्या पत्र्याची फारशी गरज नसते.

मॅग्नेट माउंटचा पत्र्याशी थेट विद्युत संपर्क नसतो. चुंबकाचं बूड आणि पत्रा मिळून रंगाच्या थरातून कपॅसिटर बनतो. थर जितका पातळ तितकं काम चांगलं. ओरखडे पडू नयेत म्हणून खाली जाड रबर किंवा मॅटचा तुकडा घालणारे लोक या कपॅसिटरचं वाटोळं करतात. फार तर पातळ टेप लावा. चुंबक उचलून बूड पाहा: रस्त्यावरची लोखंडी कीस आणि धूळ चिकटून त्याचा लेप झालेला असतो. ओल्या फडक्याने पुसा, उरलेली कीस चिकटपट्टीने ओढून काढा.

डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला पकडणाऱ्या लिप माउंटचं गणित उलट. त्याचे बारीक स्क्रू रंग फोडून उघड्या पत्र्यात रुतलेच पाहिजेत. मल्टीमीटरचा एक प्रोब माउंटच्या धातूला, दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. प्रोबच्या वायरींचा रोध वजा करून १ ओहमच्या आत आलं पाहिजे. जास्त येत असेल तर स्क्रू जिथे टेकतात तेवढाच रंग खरवडा, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा, नाहीतर कोकणातल्या हवेत दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरेल. शिवाय डिकीचं झाकण बिजागऱ्यांवर ग्रीस आणि रंगाच्या आधाराने लटकतं, त्यामुळे ते बॉडीशी नीट जोडलेलं असेलच असं नाही. झाकण ते बॉडी अशी चपटी विणलेली तांब्याची पट्टी टाका, शक्य तितकी आखूड.

केबल आणि कनेक्टर

केबल रेडिओपासून सोडवा आणि अँटेनाचा दांडाही काढा. मधली पिन आणि बाहेरची कड यांत मल्टीमीटर लावला तर काहीच जोड दिसता कामा नये. दिसली तर केबल कुठेतरी दबलीय किंवा कनेक्टरमध्ये केबलच्या बाहेरच्या जाळीची एखादी तार पिनला टेकलीय. मग मधली पिन टोकापासून टोकापर्यंत आणि जाळी टोकापासून टोकापर्यंत तपासा, दोन्हीकडे १ ओहमच्या आत. प्रोब लावलेले असतानाच कनेक्टरजवळ केबल हलवा. आकड्याने उड्या मारल्या की दोष सापडला.

दांडा बसवल्यावर मात्र पिन आणि कड शॉर्ट दिसली तर घाबरू नका. बुडाशी कॉइल असलेले बरेच अँटेना डीसीला मुद्दाम ग्राउंड केलेले असतात. माहितीपत्रक पाहून ठरवा. तसंच मॅग्नेट माउंटची जाळी आणि गाडीचा पत्रा यांत जोड दिसणार नाही, तेही बरोबरच.

पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा नेहमीचा कनेक्टर) उघडला की नेहमीचा नमुना दिसतो: मधल्या पिनच्या टोकावर सोल्डरचा छान चकचकीत थेंब, आणि आत तांब्याची तार नुसती टेकलेली. थंड डाग. बाहेरून ओढून पाहिलं तर धरून राहतो, गाडी खडबडीत रस्त्यावर गेली की सोडतो. जाळीही अनेकदा बॉडीला न डागता फक्त दाबून बसवलेली असते. निदान ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, कारण कनेक्टरचा धातू उष्णता ओढून घेतो आणि कमी ताकदीचं आयर्न आतलं प्लास्टिक वितळेपर्यंत डाग बसवत नाही.

केबल दारातून आणली असेल तर दाराच्या रबरापाशी बोटाने चाचपा. चपटी लागली तर तिथून बदला. डिकीच्या रबराखालून आणणं बरं, तिथे दाब कमी असतो. आणि महागड्या केबलच्या मागे लागू नका: ४ मीटर साध्या आरजी-५८ केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला सुमारे पाऊण डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घट-वाढीचं माप) जातात, कानाला कळतही नाहीत. बारीक आरजी-१७४ असेल तर साधारण दुप्पट; ७० सेंमी बँडवर (सुमारे ४३५ मेगाहर्ट्झ) ती बदलावी, २ मीटरवर नाही बदलली तरी चालतं.

दांडा धरणारा ॲलन स्क्रू आणि घडी घालायच्या अँटेनाची बिजागरी यांकडेही बघा. कंपनाने स्क्रू ढिला होतो, बिजागरीत धूळ जाते.

गाडीचाच गोंगाट

चावी फिरवा पण इंजिन सुरू करू नका. इथेच खरखर वाढली तर इंधन पंप किंवा एखादं उपकरण. इंजिन सुरू केल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर वेग घेणारी टिकटिक ही इग्निशनची. प्लग आणि प्लगच्या वायरी तपासून घ्या. वेगाबरोबर चढणारी शिट्टी ही ऑल्टरनेटरची, आणि ती बहुधा सिग्नलमधून येत नाही, वीजपुरवठ्यातून येते. ओळखायचं कसं? अँटेना काढला तरी शिट्टी चालूच राहते. रेडिओची प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीवरून आणा, फ्यूज बॅटरीजवळ.

पण सध्या सगळ्यात मोठे गुन्हेगार डॅशकॅम, यूएसबी चार्जर आणि बाजारातून बसवलेले एलईडी हेडलाइट. सॉकेटमधून एकेक उपटत जा आणि प्रत्येक वेळी ऐका. फ्यूज काढून शोधायचं असेल तर एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजांना हात लावू नका. गुन्हेगार सापडला की आधी तो चार्जर बदलून बघा. बदलता येत नसेल तर त्याच्या वायरीवर, अगदी त्याच्या अंगालगत, क्लिप-ऑन फेराइट (वायरीवरचा गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) लावा. फेराइटच्या प्रकाराला मिक्स म्हणतात: २ मीटरसाठी मिक्स ४३ किंवा ३१ चालतं, ७० सेंमीसाठी मिक्स ६१. वायर दोन-तीन वेळा फिरवून घ्या. अँटेनाच्या टोकाला फेराइट लावून गोंगाट थांबेल अशी आशा ठेवू नका, तो हवेतून थेट दांड्यावर पोचतो.

ओव्हरलोड

एकाच चिपवर सगळा रिसीव्हर असलेले स्वस्त हँडहेल्ड टपावरच्या मोठ्या अँटेनाला जोडले की शहरात बहिरे होतात. एफएम केंद्रांच्या टॉवरजवळ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचे तगडे सिग्नल आत घुसतात. त्या पट्ट्यावर खाच पाडणारा एफएम ट्रॅप केबल आणि रेडिओ यांच्यामध्ये बसवा. तेवढ्याने भागत नसेल तर रेडिओच बदलायला हवा.

लांबी

पाव लहरीची लांबी मीटरमध्ये म्हणजे ७५ भागिले मेगाहर्ट्झ, त्याच्या साधारण ९५ टक्के. १४५ ला ४९ सेंमी. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर डिप, म्हणजे अँटेना सगळ्यात नीट जुळते ती फ्रिक्वेन्सी, कुठे आहे ते बघा: १ सेंमी कापलं की ती साधारण ३ मेगाहर्ट्झ वर सरकते, म्हणून एका वेळी २-३ मिमीच कापा. हाताने केबल पकडल्यावर डिप जागा बदलत असेल तर पत्र्याशी जोड कच्ची आहे. नुसतं ऐकायचंच असेल तर एसडब्ल्यूआरसाठी (अँटेना आणि केबलची जुळणी दाखवणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) जीव टाकू नका. ३ आला तरी जुळणीतला तोटा सव्वा डीबीच. उलट सगळ्या बँडवर तो सपाट १.२ दिसला तर संशय घ्या. केबलमध्ये पाणी शिरलं की ती सिग्नल खाते, परावर्तनही खाते आणि मीटरला सगळं छान दिसतं.

पाच-अष्टमांश लहरीचा अँटेना कागदावर पाव-लहरीपेक्षा सुमारे ३ डीबी जास्त देतो, पण तो फायदा क्षितिजाकडे. ताम्हिणी किंवा वरंध घाटात रिपीटर डोंगरामागे आणि डोक्याच्या दिशेला असतो, तिथे साधी पाव लहर बऱ्याचदा बरी.

पाणी

पीएल-२५९ जलरोधक नाही. बाहेरच्या जोडावर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वर इन्सुलेशन टेप. गुंडाळी खालून वर न्या, म्हणजे कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो. केबल गाडीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, थेंब तिथून गळतील. जाळी काळी किंवा हिरवी पडली असेल तर कनेक्टर बदलून उपयोग नाही: १० सेंमी कापा, पुन्हा बघा, लाल तांबं दिसेपर्यंत कापत जा. ३० सेंमीपर्यंत काळंच असेल तर ती केबल टाकून द्या.